खिडकीतलं अळू

बंगळुरात माती विकत मिळते हे कळलं, त्या दिवशी आई या शहरात पहिल्यांदा हसली. मारतहळ्ळीच्या त्या पाचव्या मजल्यावरच्या घरात येऊन आम्हाला दोन महिने होत आले होते आणि तोवर ती कामापुरतंच बोलत होती. बाबा पहाटे कंपनीच्या बसनं बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात जात, मी शाळेत, आणि चार वर्षांचा चिकू दिवसभर तिच्या पदराला धरून. खाली पाण्याचा टँकर मागे येताना एकच धून वाजवायचा, शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, जिन्यातून सांबाराचा वास यायचा, आणि आई खिडकीच्या गजांपाशी उभी राहून कुठेच बघत नसायची. त्या दिवशी बाबांनी दुकानातून मातीची पिशवी आणली. "अहो, माती! पिशवीत! आणि वर छापलंय काय, तर वापरण्यापूर्वी हलवा!" असं म्हणत ती ओट्याला टेकून इतकी हसली की चिकू घाबरून रडायला लागला.

मग तिनं सपाटाच लावला. दह्याचे डबे, तेलाचे कॅन, फुटकी बादली, जे हाताला लागेल त्यात माती. भाजीतल्या पुदिन्याच्या काड्या पाण्यात ठेवून मुळं फोडायची, धणे चपलेनं रगडून पेरायचे, खालच्या मजल्यावरच्या शांताक्कांकडून कढीपत्त्याचं रोप आणायचं. शांताक्का मूळच्या निपाणीकडच्या, तीस वर्षं बंगळुरात राहिलेल्या. त्यांचं मराठी कानाला वेगळं लागायचं, पण आईला त्या शहरात आपली भाषा बोलणारं तेवढंच एक दार होतं. "पाणी स्वल्प स्वल्प घाल गं," त्या बजावायच्या. "घरातलं झाड म्हणजे पाळण्यातलं लेकरू. लई खायला घातलंस की पोट बिघडतंय." हे वाक्य मीही ऐकलं होतं. ऐकलं होतं, एवढंच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कराडहून मामा आला आणि त्यानं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला अळूचा गड्डा आणला. आईच्या माहेरी परसात, मोरीचं पाणी जायचं त्या उतारावर अळूचं बन होतं. मामानं तिथे फरशी घातली, मोटारसायकल लावायला. उपटलेल्या त्या बनातला हा शेवटचा गड्डा त्यानं बहिणीसाठी राखून ठेवला होता. आईनं तो दोन्ही हातांत घेऊन नाकाशी नेला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या खोलीच्या खिडकीत ऊन येतं. तिथे ठेवू. तू बघायचंस याच्याकडे. गणपतीत वड्या करू. पण जप हं, हा गेला तर दुसरा नाही." मी बारा वर्षांची होते. घरातली पहिली खरी जबाबदारी मिळाली म्हणून माझी छाती फुगली होती. आता वाटतं, गड्डा आणि छाती दोन्ही फुगले, ते त्याच पाण्यानं.

मी त्याच्याकडे बघितलं नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. सकाळी पाणी, शाळेतून आल्यावर पाणी, गृहपाठ झाल्यावर पाणी. आईनं गड्डा लावलेल्या प्लास्टिकच्या टबाला भोक पाडायचं मी टाळलं, कारण खोलीत चिखल झाला असता. पंधरा दिवसांत गुलाबीसर कोंब वर आला आणि तिथेच थबकला. मी मोबाइलवर घरातली झाडं झपाट्यानं वाढवायचे उपाय बघितले आणि शांताक्कांच्या बाल्कनीतल्या पुडीतलं पांढरं खत मागून आणलं. पुडीवर चिमूटभर लिहिलं होतं. मी मूठभर घातलं, कारण चिमूटभर मायेवर माझा विश्वास नव्हता. चार दिवसांनी कोंब तपकिरी पडला. मी बोट खुपसलं तर ते गड्ड्यात सहज आत गेलं, पिकलेल्या केळ्यात जावं तसं, आणि असा वास सुटला की मी खिडकी उघडून श्वास घेतला.

त्या क्षणी स्वयंपाकघरात जाऊन "आई, गड्डा कुजला" एवढे तीन शब्द बोलायचे होते. आई मारकुटी नव्हती. रागवायची, मग तासाभरात विसरायची. मला भीती तिच्या रागाची नव्हतीच. ती पुन्हा गजांपाशी जाऊन उभी राहील आणि कुठेच बघणार नाही, याची होती. मी गड्डा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कचऱ्यात टाकला, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर उड्डाणपुलाखालच्या नर्सरीत गेले. तिथे रांगेत काळपट देठांची, हृदयाच्या आकाराची मोठी पानं डोलत होती. हुबेहूब अळू! वाढदिवसाला मामानं दिलेले पैसे मी नर्सरीवाल्याच्या हातात दिले, त्यातलं सगळ्यात छोटं, एकाच पानाचं रोप दप्तरात घालून आणलं आणि आईच्या गड्ड्याच्या जागी लावलं.

संध्याकाळी आई खोलीत आली. "अगं बाई! पान आलं?" तिनं त्या पानावरून बोट फिरवलं आणि तिथूनच मामाला व्हिडिओ लावला. "बघ दादा, आपलं अळू! पाचव्या मजल्यावर! माझ्या लेकीनं जगवलं." मामा तिकडून "शाब्बास" म्हणाला. मी हसले. चेहरा हसतोय आणि आतून घाम फुटतोय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जमलं. नंतर नोकरीत त्याचा फार उपयोग झाला.

तोवरची भीती साधी होती, पकडले जाण्याची. नर्सरीतलं अळू ते काय वेगळं, असं मी मनाला समजावत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, आई पानाकडे जरा जास्त वेळ बघत राहिली की मी काहीतरी खाली पाडायची. पण रोप भराभर वाढत होतं आणि त्याच्या बुंध्याशी एक पांढरा किडा दिसला, म्हणून औषध विचारायला मी पुन्हा त्या नर्सरीत गेले. कुंडी घरात आहे ना, असं नर्सरीवाल्यानं विचारलं. मी हो म्हटलं. "घर में छोटा बच्चा है?" मी पुन्हा हो म्हटलं. त्यानं हातातली झारी खाली ठेवली. "ये शो का है. खाने का नहीं, बिल्कुल बेडा! मुँह में डाला तो गला ऐसा हो जाता है." बेडा म्हणजे नको, एवढं कन्नड मला कळत होतं. त्यानं स्वतःचा गळा मुठीत धरून डोळे मोठे केले. मी विचारलं, "शिजवलं तर?" तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

घरी कशी आले आठवत नाही. रस्त्यावर गाड्या वाजत होत्या आणि मला फक्त तो मुठीतला गळा दिसत होता. दार उघडलं तर चिकू माझ्या खोलीत त्या टबापाशी फतकल मारून बसला होता आणि पानाला गाल घासत होता. "ताई, गाग्गार आहे," म्हणाला. मी त्याला इतक्या जोरानं ओढलं की त्याच्या दंडावर माझी बोटं उठली. आईनं त्याबद्दल मला एक रट्टा दिला. तो मला बरा वाटला.

उपटून फेकून का दिलं नाही, असं आज कुणीही विचारेल. माझ्या मुलीनं तर कपाळावर हात मारून विचारलं. काय सांगू? आई रोज सकाळी चहाच्या आधी माझ्या खोलीत येऊन पानं मोजायची. "पाच झाली. अजून तीन हवीत." ती आता गुणगुणायला लागली होती, भाजीवाल्याशी तोडक्या कन्नडमध्ये घासाघीस करायला लागली होती, शांताक्कांच्या घरी हळदीकुंकवाला जाऊन आली होती. आणि हे सगळं जणू त्या टबातून उगवत होतं. ते उपटायचं म्हणजे काय उपटायचं, हे मला नेमकं कळत होतं. म्हणून मी ठरवलं की ते आपोआप मरायला हवं. जसा तो गड्डा मेला तसं. माझ्या हातानं झाड मरतं हे तर सिद्धच झालं होतं.

पण ते मरेना. मी पाणी तोडलं, ते तरतरीत राहिलं. मिठाचं पाणी घातलं, एक पान पिवळं पडलं आणि दोन नवी आली. टब कपाटामागे अंधारात सरकवला, तर देठ लांब करून ते उजेडाकडे वाकलं आणि आईनं "ऊन लागत नाही बिचाऱ्याला" म्हणून परत खिडकीत ठेवलं. मी उकळता चहा ओतला. दुसऱ्या दिवशी त्याला सातवं पान. ज्याला जीव लावला ते कुजून गेलं आणि ज्याचा जीव घ्यायला निघाले ते माझ्या उशाशी वाढत होतं. संध्याकाळच्या उन्हात त्या पानांच्या सावल्या माझ्या पलंगावर, वह्यांवर यायच्या, आणि मी पाय पोटाशी घेऊन बसायचे. एका पानाची घडी उलगडताना दिसली की मी तोंड भिंतीकडे फिरवायचे.

गणेशचतुर्थीच्या दिवशी सगळ्यांना सुट्टी होती. बाबा सोवळं नेसून आरास नीट करत होते आणि आई आंघोळ करून, ओले केस टॉवेलात बांधून, सुरी घेऊन माझ्या खोलीत आली. कच्च, कच्च, कच्च. आठ पानं. मी पलंगावर बसून बघत होते. आता सांगते, असं मी मनात म्हटलं. ती पानं धुऊ लागली, मी दाराशी गेले. तिनं देठ तासले, शिरा लाटण्यानं दाबल्या, पान पालथं पसरून त्यावर बेसनाचा लेप फिरवला. चिंच, गूळ, तीळ. "यंदा माझ्या माहेरची वडी बाप्पाला," ती म्हणाली. आता सांगते. दुसरं पान, तिसरं पान, घट्ट गुंडाळी. मोदकपात्राचं झाकण पडलं, वाफ सुटली. दर पायरीवर सांगणं आधीपेक्षा अवघड होत गेलं, कारण आता मला फक्त गड्ड्याबद्दल सांगायचं नव्हतं. इतका वेळ गप्प का उभी होतीस, याचंही उत्तर द्यायचं होतं.

आईनं ती पानं ओळखली कशी नाहीत, हा प्रश्न मला नंतर कित्येक वर्षं पडला. बाजारात जुडी घेताना ती देठ उलटसुलट करून, नखानं खरवडून बघायची. पण हे बाजारचं नव्हतं. तिनं आपल्या हातानं लावलेलं, लेकीनं वाढवलेलं घरचं अळू होतं. त्याला कोण तपासतं? आणि नैवेद्याचं असल्यामुळे करताना चाखूनही बघायचं नव्हतं.

आरती झाली. नैवेद्य दाखवून झाला. शांताक्का वाटीभर दही घेऊन आल्या होत्या, त्यांना आईनं खुर्चीवर बसवलं. आम्ही तिघं पाटावर. पानात वरणभात, तूप, मोदक, आणि उजव्या हाताला दोन-दोन खरपूस वड्या. बाबांनी चित्राहुती घातली. चिकूला वरणभात नकोच होता, त्यानं थेट वडी उचलली.

मी ओरडायला हवं होतं. ओरडले नाही. त्याच्या हातातली वडी हिसकावली आणि माझ्या तोंडात कोंबली. खरं सांगायचं तर त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. बोलण्यापेक्षा खाणं सोपं वाटलं, इतकंच. "अगं हावरट! धाकट्याच्या पानातली?" बाबा हसले. मी दोनदा चावून गिळली. आधी काहीच नाही, चिंचगुळाची चव. मग जिभेवर कुणी मूठभर सुया टोचल्या. मग घशात. ओठ बधिर झाले, तोंडातून लाळ गळायला लागली. माझा हात गळ्याशी गेला आणि मला तो नर्सरीवाला आठवला.

"खवखवतंय?" आई म्हणाली. ती घाबरली नाही. कशाला घाबरेल? अळू आहे, चिंच कमी पडली की घसा धरतंच, हे आमच्याकडच्या लहान मुलालाही ठाऊक असतं. तिनं कढईशेजारची एक वडी उचलली. "बघू, चिंच कमी पडली वाटतं." मी "नको" म्हणाले. म्हणजे मला तसं म्हणायचं होतं. सुजलेल्या जिभेतून फक्त हवा बाहेर आली. तीन महिने आवाज होता तेव्हा बोलले नाही, आणि आता बोलायला गेले तर आवाजच नव्हता. आईनं वडी तोंडात टाकली आणि स्वयंपाक करणारी बाई जशी चव बघते तशी, डोळे किंचित मिटून, सावकाश, नीट चावून खाल्ली.

मी उठून सगळ्या वड्या लाथेनं उडवल्या. चिकूचं पान, बाबांचं पान, परात, सगळं. बाबा ओरडले आणि तेवढ्यात आई ओट्याला धरून खाली बसली. तिचा चेहरा बघता बघता लाल झाला. शांताक्का खुर्चीतून उठल्या आणि माझ्या खोलीत धावल्या. टबात मागे उरलेलं एक छोटं पान घेऊन परत आल्या. "अय्यो देवा! हे केसू न्हवं, अळू न्हवं! केसूचा देठ पानाच्या पोटाला चिकटलेला असतोय. ह्याचा बघा, थेट फटीत! हे शोचं झाड हाय, इख हाय इख! दही चारा दोघींना, थंड दही, आन् खाली आटो बघा!" दह्याची वाटी कुणी माझ्या तोंडाला लावली ठाऊक नाही. रिक्षात आईचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि तिच्या प्रत्येक श्वासाला घरघर लागत होती. ती घरघर थांबली तर, एवढा एकच विचार मी हॉस्पिटल येईपर्यंत करत होते. सणाच्या दिवशी रिकामा असलेला तो रस्ताही संपता संपत नव्हता.

दोघींना इंजेक्शनं दिली. मी संध्याकाळपर्यंत कुजबुजण्याइतकी बरी झाले. आईनं नीट चावून खाल्ली होती, तिला ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, सूज उतरतेय, पण दोन दिवस बोलायचं नाही, बर्फ चघळायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या खाटेशी बसले होते. बाबा येरझारा घालत होते आणि रात्रभर साठलेला राग त्यांना कुठेतरी काढायचा होता. "तुझ्या भावाला काय द्यायचं ते बघून देता येत नाही? पोरांचा जीव गेला असता! आत्ता फोन लावतो आणि विचारतो." आईनं घाईघाईनं औषधाच्या चिठ्ठीमागे पेननं लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे धरला. बाबांनी वाचला आणि माझ्या हातात दिला. "दादाला काही बोलू नका. माझीच पारख चुकली. माझ्या हातानं मुलांना विष वाढलं."

बाबांनी फोन कानाला लावला होता. पलीकडे वाजत असलेली रिंग मला ऐकू येत होती.

"बाबा, ठेवा," मी म्हणाले. आवाज घोगरा, दुसऱ्याच कुणाचा तरी. "मामाचा गड्डा नव्हता तो. तो माझ्याकडून मेला. मी नर्सरीतून दुसरं आणून लावलं. ते विषारी आहे हे मला माहीत होतं." मी आईकडे बघितलं नाही. तिच्या चादरीवरच्या निळ्या रेघांकडे बघत बोलले. बाबांनी फोन बंद केला. ते काहीतरी बोलणार होते, पण आईनं हात वर केला आणि पेन मागितलं. कागदावर दोनच शब्द होते. "कधी मेला?"

"शाळा सुरू झाली तेव्हा."

तिनं पुन्हा लिहिलं. "कुठे टाकलास?"

"कचऱ्यात."

आईनं डोळे मिटले. बंद पापण्यांखालून पाणी येऊन कानाकडे गेलं. ती माझ्यासाठी रडत नव्हती, आपल्या जिवासाठीही नव्हती. ती मोरीच्या उतारावरच्या त्या बनासाठी रडत होती, आणि ते मला तेव्हाही कळलं. मग तिनं डोळे न उघडताच बाजूचा बर्फाचा पेला माझ्याकडे सरकवला.

घरी आल्यावर महिनाभर माझ्या खिडकीत काही नव्हतं. टब शांताक्कांनी जिन्याखाली नेऊन रिकामा केला होता, फरशीवर त्याचा गोल डाग तेवढा राहिला होता. आई माझ्याशी बोलत होती, जेवायला वाढत होती, वेणी घालत होती. पण त्या विषयावर एक अक्षर नाही, आणि मी रोज वाट बघत होते की आता बोलेल, आता. भीती संपली नव्हती, फक्त तिची जागा बदलली होती. मग एका रविवारी शांताक्का गावाहून आल्या त्या थेट आमच्याकडे. पिशवीतून त्यांनी मातीनं माखलेला एक गड्डा काढला. "आमच्या निपाणीच्या शेतातला केसू. खरा. मी सोता शिजवून खाल्लेला."

आईनं तो हातात घेतला. नाकाशी नेला नाही. उठून जिन्याखालून टब वर आणला, बाबांचा जुना स्क्रू-ड्रायव्हर गॅसवर तापवला आणि रिकाम्या टबाच्या बुडाला चर्र करून तीन भोकं पाडली. मग टब आणि गड्डा माझ्यापुढे ठेवला. मी हात मागे घेतले. "मी नको, आई," म्हणाले. "तू लाव. माझ्या हातून हाही मरेल."

"मरू दे," आई म्हणाली. तिचा आवाज अजून जरा जाडच होता, आणि तो पुढे कायम तसाच राहिला. तिनं माझे हात ओढून त्यांत तो गड्डा ठेवला आणि वरून आपले हात मिटले. "मेला तर येऊन सांग."